नव्यांसाठी राखलेलं काम

नझीहाबाईंच्या हाती काम दिलं आणि ते उरलं, असं आमच्या समुद्रकाठच्या महदिया गावात कुणी कधी पाहिलं नाही. ही आपली तारीफ आहे असं त्यांना आयुष्यभर वाटत आलं. आम्हालाही तसंच वाटायचं. फक्त आम्ही ती तारीफ जरा लांबून करायचो.

मुलींच्या शिवणशाळेत त्या बाई होत्या. गावातल्या निम्म्या नवऱ्या मुलींचे कपडे त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी शिवलेले. वर्गाच्या दाराशी वेताची एक टोपली असायची. काज-बटणं, तुरपाई, सुटलेली टीप, असली बारीकसारीक कामं तिच्यात पडायची, आणि वर्गाला कुलूप लागण्याआधी टोपली रिकामी झालीच पाहिजे, हा बाईंचा कायदा. मुलींकडून नाही झाली तर बाई स्वतः बसायच्या. बहुतेक वेळा स्वतःच बसायच्या, कारण मुलींची तुरपाई त्यांना पसंत पडायची नाही. उसवून पुन्हा घालताना त्यांचा हात असा झरझर चालायचा की मुली नुसत्या उभ्या राहून बघत. मग एखादी हळूच घरी सटकायची, तिच्यामागे दुसरी. बाईंच्या ते ध्यानातही येत नसे.

त्यांचा नवरा सालिम बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात होता. अगदी गरीब स्वभावाचा माणूस. कधी स्वयंपाकघरात शिरून चहाचं भांडं हातात घेतलं की बाई म्हणायच्या, "सरका, तुम्हाला नाही जमायचं." तो सरकायचा. पुढे पुढे तो तिकडे फिरकेनासाच झाला, खिडकीशी बसून समुद्राकडे बघायचा आणि मिळेल तो चहा प्यायचा. एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं तो गेला. मूलबाळ नव्हतं. वर्ष-दोन वर्षांत बाईंची नोकरी संपली, शिवणवर्गही बंद झाला. वर्गातला जुना कंप्युटर कुणालाच नको होता, तो बाईंनी घरी आणला. एका जुन्या विद्यार्थिनीनं त्यात 'कुमाश' घालून दिला आणि तीही नवऱ्याबरोबर परगावी गेली.

कुमाश म्हणजे कपडे बेतायचा प्रोग्राम. मापं घातली की झग्याचा, सदऱ्याचा बेत पडद्यावर उभा राहतो, तो कागदावर छापून कापडावर ठेवायचा. पैसे पडत नाहीत. त्याला मालक नाही. देशोदेशीची माणसं आपापल्या घरी बसून तो बनवतात, सुधारतात, आणि ज्याला हवा त्यानं घ्यावा. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचं बाहीपाशी अडलं, त्यांनी मदतीचं पान उघडलं, तर अरबीतलं पान कोरं. कंपनीला चार शब्द सुनावावेत म्हणून त्यांनी तिथल्या चर्चेच्या फळ्यावर लिहिलं, "एवढा प्रोग्राम केलात आणि बाही कशी बेतायची ते लिहायला झालं नाही? तुमच्या घरात सगळे बिनबाह्यांचे हिंडतात का?"

तासाभरात उत्तर आलं. वाइल नावाचा कुणी होता, दूरच्या इर्बिद शहरातला. दिवसा इस्पितळात कारकुनी करायचा आणि उरल्या वेळात कुमाशची अरबी पानं सांभाळायचा. "बाह्या आहेत हो," त्यानं लिहिलं, "पान लिहिणारं कुणी नाही. तुम्ही लिहाल का?"

"मी? मला कंप्युटरमधलं ओ की ठो कळत नाही."

"प्रोग्राम लिहिणारे आहेत आमच्याकडे, त्यांची ददात नाही. पण तो वापरायचा कसा हे सांगणारं माणूस हवंय. फोटो काढणारं हवंय. नवी आवृत्ती यायच्या आधी ती चालवून बघणारं, कुठे अडलं ते ओरडून सांगणारं हवंय. तुम्हाला ओरडता येतं हे तर दिसलंच."

बाईंना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं असावं, कारण हसल्यावर आपलाच आवाज त्यांना परका वाटला.

बाहीचं पान त्यांनी लिहिलं. मग गळ्याचं, मग जुब्ब्याचं. खिडकीच्या कट्ट्यावर कापड पसरून फोनवर फोटो काढायच्या, दोऱ्याचं एक टोक जरी वाकडं आलं तरी पुन्हा काढायच्या. नवी आवृत्ती आली की तिच्यातलं एकूण एक बटण दाबून बघायच्या आणि काय मोडलं ते लिहून कळवायच्या. ओमानमधली कुणी मुलगी झग्याच्या कळीपाशी अडायची, हलब शहरातला कुणी शिंपी मापांत गोंधळायचा, त्यांना उत्तरं द्यायच्या. दुपारची झोप झाली की बाई केस विंचरून, डोक्याला स्वच्छ रुमाल बांधून कंप्युटरपुढे बसत, जशा वर्गावर जायच्या तशाच. समोर कुणी बघणारं नसलं म्हणून काय झालं.

माणसं येत, विचारत, 'देव तुमचं भलं करो बाई' असं लिहीत आणि जात. ती गेली की खोलीत पुन्हा फक्त पंख्याची घरघर राहायची. तेवढ्या वेळात कुणाचं तरी आपल्यावाचून अडलं होतं, या समाधानावर बाई रात्रीचं सूप एकट्या पीत. एका माणसापुरतं सूप करायला त्या अजून शिकल्या नव्हत्या. उरलेलं दुसऱ्या दिवशी पीत.

आता कुमाशच्या लोकांची एक रीत होती. पडलेल्या कामांची यादी फळ्यावर असायची, आणि त्यातल्या काही कामांवर हिरवा शिक्का असायचा, 'नव्यांसाठी'. एखाद्या पानातला जुना फोटो बदलायचा, एखादं तुटलेलं वाक्य पुरं करायचं, असली हलकी कामं. नझीहाबाईंनी तो शिक्का पाहिला आणि त्यांना दाराशी ठेवलेली वेताची टोपली आठवली. हिरवा शिक्का म्हणजे टोपलीतलं काम. ज्याचा हात रिकामा असेल त्यानं ते उरकायचं, आणि बाईंचा हात तर सदाच रिकामा. आवृत्ती आली की त्या आधी हिरव्या शिक्क्यांवर तुटून पडत. दोन दिवसांत टोपली साफ. असं वर्षभर चाललं, आणि एकदाही कुणी शाबास म्हणालं नाही याचं त्यांना मनातून थोडं लागत होतं.

मग वैशाखासारखं ऊन पडायला लागलं त्या सुमाराला वाइलचा निरोप आला. फळ्यावर सगळ्यांसमोर नव्हे, एकट्या बाईंना.

"नझीहाबाई, एक विनंती आहे. हिरव्या शिक्क्याची कामं तुम्ही करू नका. ती आम्ही मुद्दाम राखून ठेवतो. नाहीतर त्यातली बरीच मीच चहा पिता पिता उरकली असती. पण नवं माणूस दारात येतं तेव्हा त्याच्या हाताला काहीतरी लागावं लागतं. सगळंच झाडूनपुसून ठेवलेलं दिसलं की ते दोन मिनिटं बघतं आणि निघून जातं. हल्ली येतात ते सगळे तसेच जातायत."

बाईंची कानशिलं तापली. "म्हणजे मी काम केलं हा माझा गुन्हा?"

"गुन्हा नाही हो मावशी. सगळंच केलंत, एवढंच."

मावशी म्हणाला म्हणून काही बाईंचा राग उतरला नाही. त्यांनी कंप्युटर बंद केला आणि त्याच्यावर भरतकामाचं फडकं टाकलं. आयुष्यात कामचुकारपणाबद्दल बोलणी बसलेली माणसं त्यांनी खूप पाहिली होती, काम केल्याबद्दल बसलेली ही पहिलीच. बघू या म्हणाल्या, माझ्यावाचून कसं चालतं ते.

फडकं टाकलं खरं, पण रोज दुपारी ते उचलून त्या बघायच्या. कुणी विचारतंय का, नझीहाबाई कुठे आहेत? आजारी आहेत का? आठवडा गेला, दुसरा गेला. कुणी विचारलं नाही. त्या जगात कुणी कुणाला बांधलेलं नसतं. आज आलेलं माणूस उद्या आलं नाही तर त्याच्या दारावर थाप मारत नाहीत, उलट तोच तिथे सभ्यपणा समजतात. बाईंना हे कोण सांगणार? त्यांना एवढंच दिसलं की वर्षभर आपण ज्या घरात राबलो तिथे आपली जागा रिकामी दिसतसुद्धा नाही. त्या दिवशी त्या रडल्या. चांगल्या मोठ्यानं रडल्या, ऐकणारं कुणी नव्हतंच.

उन्हाळा भरात आला. आमच्याकडे तो वर्षाची बेगमी करायचा काळ. गच्चीवर बायका जमतात, मोठ्या लाकडी परातीत रवा ओलावून तळव्यानं कुसकुसाचे बारीक दाणे वळतात, चाळणीनं चाळतात, वाफवतात आणि चादरींवर वाळत घालतात. एकटीचं ते काम नव्हे. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. पूर्वी नझीहाबाईंच्या गच्चीवरही बायका जमत, सगळ्यात पुढे शेजारची शेदलिया. शेदलिया म्हणजे बाईंची लहानपणापासूनची मैत्रीण, तोंडाची फटकळ, हाताची जाडजूड. सालिम असतानाच एका उन्हाळ्यानंतर तिनं येणं बंद केलं आणि तिच्यामागून बाकीच्यांनी. भांडण नाही, तंटा नाही. जिन्यात भेटली तर सलाम व्हायचा, तेवढाच. का, ते बाईंनी कधी विचारलं नाही. मानी माणूस. त्या दुकानातला पुडीचा कुसकुस आणू लागल्या.

त्या दिवशी शेदलियाच्या गच्चीवर हशा चालला होता. बाई आपल्या गच्चीवर एकुलती एक ओली चादर वाळत घालत होत्या. वारा सुटला, पलीकडच्या वाळवणाच्या चादरीचं टोक उडालं आणि पसाभर कुसकुस मधल्या भिंतीवरून बाईंच्या बाजूला सांडला. बाईंनी तो बशीत गोळा केला, भिंतीवरून पुढे केला.

शेदलियानं बशीकडे पाहिलं. "चाळून देतेयस की तसाच?"

पलीकडच्या बायका खुदकन हसल्या.

"म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"आता म्हणजे काय विचारतेस! त्या वर्षी तुझ्याकडे माझा डोक्याचा रुमाल राहिला होता. न्यायला परत आले तर तू आमचा सगळ्यांचा कुसकुस पुन्हा परातीत ओतून चाळत बसली होतीस. जाड दाणे बाजूला, कोंबड्यांना. अख्खा दिवस मान मोडून वळला होता गं आम्ही. मी जिन्यातूनच मागे फिरले. तो रुमाल अजून तुझ्याकडेच आहे."

बाईंना रुमाल आठवला. फडताळात कुणाचा म्हणून घडी करून ठेवलेला. "मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? मलाही चाळून काढलं असतंस."

"दाणा जाड होता, शेदलिया."

"होता. माझा हातच जाड आहे. खाल्ला असतास तर मेली असतीस का?"

बशी भिंतीवर ठेवून बाई खाली आल्या आणि बराच वेळ स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. ओटा लखलखीत होता. एक चमचासुद्धा बाहेर नव्हता. या घरात बाहेरून आलेल्या माणसानं हात लावावा असं काही नव्हतंच, कित्येक वर्षं नव्हतं. सालिम खिडकीशी का बसायचा हे त्या दिवशी त्यांना कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

त्यांनी फडकं काढून कंप्युटर लावला. वर्षभराचा फळा मागे मागे वाचत गेल्या. 'सलाम, मला शिवण येतं, काही मदत करू का?' खाली काही नाही. 'माझ्याजोगतं काम असेल तर सांगा.' खाली काही नाही. अशी किती माणसं येऊन गेली होती! शेवटचं नाव गाबेस गावच्या सुंदुस नावाच्या मुलीचं. 'मी घरीच असते. इथे काहीतरी करावं म्हणून आले होते, पण सगळं झालेलंच दिसतंय.' हे वाक्य बाईंनी परत परत वाचलं. 'घरीच असते' यात काय काय असतं ते त्यांना सांगावं लागत नव्हतं.

खिशाचं पान लिहायचं बाकी होतं. बाईंनी ते लिहिलं, सगळं लिहिलं, फक्त शेवटचा फोटो काढला नाही. कापड कट्ट्यावर पसरलेलं, खिसा टाचलेला, फोन हाताशी. तरी काढला नाही. त्या कामावर हिरवा शिक्का मारला आणि सुंदुसला लिहिलं, "मुली, खिशाचा एक फोटो हवा आहे. माझ्याच्यानं होत नाही." अर्धं खरं होतं ते.

सुंदुसचा फोटो तीन-चार दिवसांनी आला. खिसा तिरका, दोरा लोंबतोय, वर कोपऱ्यात तिच्या पायाचं बोट. बाईंचे हात शिवशिवले. दोरा तरी काप म्हणून सांगावं असं ओठांवर आलं. मग त्यांनी लिहिलं, "खिसा कसा लागतो ते कळतंय. लावून टाक पानावर. आलीस, बरं वाटलं." वाइलनं खाली नुसतं एक गुलाबाचं फूल टाकलं. सुंदुसनं विचारलं, "अजून काही आहे का?" बाईंनी लिहिलं, "आहे. इथे पुष्कळ पडलंय." आणि मग काय काय पाडून ठेवता येईल ते शोधायला बसल्या.

उन्हाळा सरता सरता बाईंनी रव्याचं पोतं आणलं आणि शेदलियाचं दार वाजवलं.

"माझं मनगट दुखतंय," त्या म्हणाल्या. मनगट ठणठणीत होतं. "उद्या वळायला येतेस?"

"तुझं मनगट? ते लोखंडाचं आहे."

"गंजलंय."

शेदलियानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी जाडच वळणार."

"ठाऊक आहे."

"उद्या मला कामं आहेत," शेदलिया म्हणाली आणि दार लावून घेतलं.

सकाळी बाईंनी गच्ची झाडली, पण एक कोपरा तसाच ठेवला. परात मांडली, रवा ओतला, मिठाचं पाणी शेजारी ठेवलं, दोन बुटकी स्टुलं. आणि सुरुवात केली नाही. त्यांच्या जन्मात एवढं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं. ऊन चढत चाललं, पाणी कोमट झालं, पलीकडच्या गच्चीवर कुणाची चाहूल नव्हती. रवा समोर पडलेला आणि बाई हात मांडीखाली घालून बसलेल्या. कितीदा वाटलं, नाही येत ती, ओलाव आता आणि घे वळून. जिन्यात काही वाजलं की त्या मान वळवायच्या, पण ती मांजर असायची.

ऊन डोक्यावर आल्यावर जिन्यात सपाता वाजल्या.

"अगं, अजून सुरूच नाही केलंस?" शेदलिया धापा टाकत वर आली. "हा काय वेळ झाला? रवा काय आपोआप वळतो?"

"तुझी वाट बघत होते."

शेदलियानं बाह्या वर सारल्या, कोपऱ्यातली केरसुणी घेऊन राहिलेला कोपरा झाडला आणि स्टुलावर बसली. बाकीच्या बायका आल्या नाहीत, त्या पुन्हा येतील असंही नव्हतं. दोघींनी दिवसभर वळलं, फार न बोलता. शेदलियाचा दाणा मटारासारखा निघत होता. बाई आपल्या हाताकडे बघत वळत राहिल्या.

संध्याकाळी वाळवण चादरींवर पसरून झालं. बाईंनी खाली जाऊन फडताळातला जुना रुमाल आणला. शेदलियानं तो घेतला, झटकला, आणि भिंतीवर टाकला.

"राहू दे इथेच," ती म्हणाली. "उद्या नेते."

ती गेल्यावर गच्चीवर बाई, बारीक चाळण आणि वाळवणाच्या दोन चादरी राहिल्या. बाईंनी चाळण हातात घेतली. थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग खुंटीला अडकवून खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेदलिया सलामसुद्धा न करता सरळ गच्चीवर गेली. वाळवणात हात घातला, चिवडून चिवडून एक टपोरा दाणा वर काढला, उजेडात धरून बघितला आणि परत टाकला. रुमाल उचलून गळ्यात घातला. खाली येऊन म्हणाली, "घसा सुकलाय. चहा टाक."

नझीहाबाई उठायला निघाल्या आणि पुन्हा बसल्या. "डबा वरच्या फळीवर आहे," त्या म्हणाल्या. "तूच टाक."

शेदलिया आत गेली. भांड्यांची आदळआपट झाली, काहीतरी सांडलं, तिनं एक शिवी हासडली. बाई खिडकीशी, सालिमच्या जागी बसल्या होत्या. चहा आला तो काळाकुट्ट, आणि साखर एवढी की चमचा उभा राहावा. बाईंनी घोट घोट करून सगळा प्यायला.

सालिमच्या हातचा कसा झाला असता, ते आता कळायला काही मार्ग नव्हता.